खुंटीमागे एक बोट

हिलाल पाटकरी मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक सरळ म्हणून मोकळे होतात, अडाणी होता, चुकला. अडाणी कसला! वाघळखेड्याच्या आसपास पाच कोसांत पाण्याची चाल ओळखणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. पाटात कडुलिंबाचं एक पान टाकायचा, त्याच्या बरोबरीनं काठानं चालायचा आणि मध्येच थांबून सांगायचा, "आठे गाळ शे." तिथं फावडं घातलं की गाळ निघालाच म्हणून समजा. उलट अडाणी माणूस बरा, तो चार जणांना विचारून तरी पाऊल टाकतो. हिलाल कुणाला विचारत नसे, कारण वाघळखेड्यात पाण्याचं सगळे त्यालाच विचारायचे.

वाघळखेडं म्हणजे दीडशे उंबऱ्यांचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटावर गावाचं पोट. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाईल हे पाटकरी ठरवी. त्याच्या हातात बाभळीची एक काठी असायची, टोकाला पितळेचं कडं. ती काठी हिलालच्या आज्याची, मग बापाची, मग त्याची. काठी आडवी धरली की पाणी थांबलं, उचलली की सुटलं. मोतीलाल पाटलासारखा मोठा जमीनदारसुद्धा त्या काठीपुढे शब्द काढत नसे, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून पाटकऱ्याची टोपली भरून जायची.

आज्यानं एक रीत घालून दिली होती. पाळी शेपटाकडून धरायची. शेपूट म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. मुखाकडून, म्हणजे पाणी जिथून आत येतं तिथून, पाळी सुरू केली तर वरचे पोटभर पितात आणि खालचे कोरडे राहतात. म्हणून पहिली पाळी शेवटच्या शेताची. हळूहळू सगळंच तसं मोजलं जाऊ लागलं. वाघळखेड्यात 'पहिलं शेत' म्हटलं की शेपटाचं, 'पहिली खुंटी' म्हटली की शेपटाची. परगावचा माणूस गोंधळायचा. गावाला त्याचा अभिमान होता, आणि हिलालला तर काय, आज्याची रीत!

सदतीस सालच्या हिवाळ्यात माळाच्या बाजूला नवा पाट काढायचं ठरलं. लांबी पंधराशे हात. दर पन्नास हातांवर एक खुंटी, अशा तीस खुंट्या. तीस घरं, एकेका घरानं पन्नास हात खणायचं. बरोबर मध्यावर मुरमाचं टेकाड आडवं होतं, ते सगळ्यात शेवटी फोडायचं. तालुक्याचा ओव्हरसिअर दुर्बीण घेऊन आला, मुखाशी एक खूण केली, शेपटाशी एक खूण केली आणि म्हणाला, "शेपटाचा तळ मुखापेक्षा तीस बोटं खाली. म्हणजे खुंटीमागे एक बोट." आणि गेला.

शाळेच्या इंद्रसिंग मास्तरांना मात्र राहवेना. त्यांनी हिलालला ओट्यावर बोलावून फळ्यावर एक आडवी रेघ काढली, एक उभी. आडवीवर अंतर, उभीवर उंची. मग वरून खाली उतरती एक तिरपी रेघ.

"हा तुमच्या पाटाचा तळ. उतार म्हणजे काय? उंचीत किती फरक पडला, भागिले अंतरात किती फरक पडला. तीस बोटं भागिले पंधराशे हात. पन्नास हातांना एक बोट. आता मधल्या कुठल्याही दोन खुंट्या घ्या. चौथी घ्या, दहावी घ्या. सहा बोटं, तीनशे हात. भागून पाहा."

"पन्नासले एक," हिलाल म्हणाला.

"तोच आला की नाही? रेघ सरळ असेल तर कुठूनही मोजा, उतार तोच. पण एक अट आहे, हिलालभाऊ. उंचीची वजाबाकी ज्या टोकाकडून केली, अंतराचीही त्याच टोकाकडून करायची. एक इकडून आणि दुसरी तिकडून केलीत, तर आकडा तोच येईल पण उताराचा चढ होईल. फरक नुसत्या वजाच्या चिन्हाचा, पण पाणी उलटं जाईल."

हिलाल खो खो हसला. "मास्तर, पानीले वजाबाकी शिकाडू नका. त्याले समदं समजस."

मास्तरांनी फळा पुसला.

काम दोन्ही टोकांकडून एकदम सुरू झालं. मुखाकडची पंधरा घरं हिलालनं स्वतःच्या नजरेखाली घेतली. शेपटाकडच्या पंधरा घरांच्या जोडीनं खणायला दिवाल्याची माणसं होती, आणि तिकडची मोजणी दिवाल्याकडे होती. दिवाल्या भिल्लांच्या पाड्यावरचा, टेकाडाच्या खालच्या अंगाला अकरा झोपड्या, त्यातली एक त्याची. माणूस मोजकं बोलणारा, आणि हात असा नेमका की खणलेली कड सुरीनं कापल्यासारखी दिसायची. हिलालनं त्याच्या हातात एक पाणसळ दिली. पाणसळ म्हणजे खोबण पाडलेलं लांब लाकूड, खोबणीत पाणी भरलं की सपाटी कळते. आणि दिली एक बांबूची कामटी. कामटीवर हिलालनं स्वतः बोटाबोटाच्या अंतरानं खाचा पाडल्या होत्या.

"पयली खुंटीपाईन धर," तो म्हणाला. "दर खुंटीले एक बोट खाले."

झालं! इतकंच वाक्य. बोलला आणि मुखाकडे निघून गेला. तिकडे तो स्वतः ओव्हरसिअरच्या खुणेपासून खाली खाली मोजत चालला, कारण स्वतः खणताना तो पाण्याच्या वाटेनं विचार करायचा. दुसऱ्याला सांगताना मात्र आज्याच्या रीतीनं बोलायचा. दोन्ही सवयी जुन्या, दोन्ही इतक्या मुरलेल्या की आपण दोन तोंडांनी बोललो हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दिवाल्या स्वतः चालत मुखाकडे आला. खणलेल्या तळात त्याच्या प्यायच्या पाण्याचं मडकं कलंडलं होतं.

"पाटकरी दादा, पानी टेकाडकडे चालनं."

पाच-सात जण ऐकत होते. हिलालच्या कपाळाला आठी पडली. पाड्यावरच्या माणसानं पाटकऱ्याला पाणी कुठं जातं ते सांगावं!

"तू खंद ना भो! हिशोब कोनले समजस, तुले का माले?"

लोक हसले. दिवाल्या आला तसा परत गेला. दोन्हीकडचं खणणं टेकाडाकडे खोल खोल होत गेलं, पण टेकाडात जमीनच चढती, त्यामुळे खोली वाढतेय यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

होळी झाली. होळीनंतर सहाव्या दिवशी मधला मुरूम फुटला. मुखाकडच्या झिपरूची कुदळ आरपार गेली, भगदाडातून उजेड आला, लोकांनी आरोळी ठोकली. आणि आरोळी तोंडातच राहिली. कारण पलीकडचा तळ अलीकडच्या तळापेक्षा कितीतरी खाली होता. झिपरूनं हात घालून मोजलं. सव्वा हात.

मोतीलाल पाटील घोड्यावरून उतरून आला. त्याच्याच पुढाकारानं पाट निघाला होता, पाडव्याला पाणी सोडायचं त्यानं चार गावांत सांगून ठेवलं होतं. सव्वा हाताची पायरी पाहून त्याचा चेहरा लाल झाला. असं पाणी सोडलं असतं तर ते टेकाडाशी कोसळून तुंबलं असतं आणि काठ फोडून बाहेर पडलं असतं.

"कोनी खंदं हाई?"

सगळ्यांनी दिवाल्याकडे पाहिलं. मुखाकडे पाटकरी स्वतः होता ना, मग तिकडे चूक असेलच कशी?

"माले जे दिधं ते धरीसन खंदं मी," दिवाल्यानं कामटी पुढे केली. ती कुणी हातात घेतली नाही.

"सांगं एक नि करं दुसरं!" पाटील गरजला. "उद्या सकाळले चावडीवर. आख्खा पाडा उठाडसू मी आठेथून."

हिलाल तिथंच उभा होता. त्यालाही वाटलं, दिवाल्याच चुकला. खरंच वाटलं, उगाच त्याच्यावर जास्तीचं पाप नको. पण 'पानी टेकाडकडे चालनं' हे शब्द त्याच्या कानात कुसळासारखे टोचत राहिले. माणसं पांगल्यावर तो आपली पाणसळ आणि कामटी घेऊन एकटाच शेपटाकडे गेला. ऊन चांगलंच तापलं होतं. शेपटाची खुंटी, तिच्याशेजारची, तिच्या पुढची, अशी एकेक तो मोजत आला. एक बोट. एक बोट. एक बोट. पंधराही खुंट्यांत केसभर फरक नाही. दिवाल्याचं काम बिनचूक होतं.

मग तो मुखाकडे गेला आणि आपलं काम मोजलं. तेही बिनचूक.

हिलाल टेकाडाच्या भगदाडात खाली बसला. हाही बरोबर, तोही बरोबर, मग सव्वा हात आला कुठून? त्यानं काडीनं मातीत मास्तरांसारखी आडवी रेघ ओढली, उभी ओढली. मुखापासून टेकाडापर्यंत पंधरा खुंट्या, पंधरा बोटं खाली. इथवर ठीक. शेपटाचा तळ तीस बोटं खाली. शेपटाकडून टेकाडाकडे पंधरा खुंट्या, दर खुंटीला एक बोट... खाली. म्हणजे तीस आणि पंधरा, पंचेचाळीस. पंचेचाळीसातून पंधरा गेले, तीस. तीस बोटं म्हणजे सव्वा हात. चोख!

आकडा तोच, पन्नासला एक. पण मुखाकडून चालत आलं तर टेकाडानंतर शेपटापर्यंत सगळा चढ होता. पाटाला त्यानं द्रोणासारखं मध्ये खोल करून ठेवलं होतं. आणि दिवाल्यानं? दिवाल्यानं तर सांगितल्याप्रमाणे पहिल्या खुंटीपासून धरलं होतं. पहिली म्हणजे शेपटाची. गावाची रीतच होती ती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यानं मातीतल्या रेघा पायानं पुसल्या, आणि पुसल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली.

संध्याकाळी त्यानं भाकरीचं ताट तसंच ठेवलं. बायको कौसाबाईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं सांगून टाकलं. ती तवा उतरवून बसली.

"आखो कोनले ठाऊक शे?"

"कोनलेच नही."

"तोंड उघडशी तं काठी जाई," ती म्हणाली. "मिटशी तं पाडा जाई. मन्हं पोट म्हनस मीट. पन माले नको इचारू हिलालना बाप, मी सांगसू ते तू आयकशी नि मंग जलमभर मन्हं नाव घेशी." नवऱ्याला ती थोरल्या पोराच्या नावानं हाक मारायची, पण त्या दिवशी तिची जीभच अशी अडखळली की पोराच्या जागी त्याचंच नाव घेऊन त्याला त्याचाच बाप करून बसली. दोघांनाही ते कळलं नाही. एरवी केवढे हसले असते.

सकाळी चावडीपुढे सगळं गाव जमलं. पिंपळाच्या पारावर पाटील, बाजूला इंद्रसिंग मास्तर, समोर उन्हात दिवाल्या आणि त्याच्यामागे पाड्यावरची सगळी माणसं, बायांच्या कडेवर पोरं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त या वेळी चोराच्या हातात मानाची काठी होती.

"हिलाल, तू सांग," पाटील म्हणाला. "तू याले काय सांगेल व्हतं?"

"खुंटीमांगे एक बोट खाले," हिलाल म्हणाला.

"आयकं का समदासनी?" पाटील लोकांकडे वळला. गर्दीत कुजबूज उसळली. कुणी तरी म्हणालं, पाड्याला आजच उठवा. आणि हिलाल थांबला. बघा, तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता. इथंच गप्प बसला असता तर देवानंसुद्धा त्याला धरलं नसतं. कौसाबाई बायकांमध्ये उभी होती, तिनं पदर तोंडात धरला होता. दिवाल्या त्याच्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती, नुसतं पाहणं होतं, आणि तेच हिलालला सोसवेना.

"पाटील, मन्हं बोलनं सरेल नही."



त्यानं दिवाल्याच्या हातून कामटी घेतली आणि वर धरली. "हाई कामटी मी दिधी. खाचा मन्ह्या. यानी एक बी खाच चुकाडेल नही. पयली खुंटीपाईन धर, आसं मी सांगं. पयली म्हंजे आपली, शेपटनी. आनि मी सोता मुखपाईन मोजं." काठीच्या टोकानं त्यानं धुळीत एक उतरती रेघ ओढली, मध्यापासून ती परत वर नेली. "उतार एकच काढा, पन दोन टोकपाईन. मास्तरनी माले फळावर दखाडेल व्हतं. मी हासनू."

मास्तरांनी मान खाली घातली. चुकतं माणूस, कुणीतरी म्हणालं. पाटलाचा चेहराही थोडा सैल पडला. जुना पाटकरी, घराणं जुनं, एवढ्यावर कदाचित निभावलंही असतं.

"आखो एक शे," हिलाल म्हणाला. "चौथा दिवशीच याना मडकानं पानी टेकाडकडे चालनं. हाऊ मन्हापान चालत ऊना, माले सांगं. मी चार लोकसमोर याले हासाडं नि मांगे धाडं. तवय आयकतू तं आज गावले पंधरा घरनं काम मोडनं पडतं नही."

पंधरा घरं म्हणजे पंधरा घरांचे हात, पाठी आणि दिवस. त्यांच्यात गलका उठला. चूक गाव पोटात घालतं, पण कानाशी आलेलं ऐकलं नाही हे नाही घालत. पाटलानं पाराच्या दगडाकडे बोट केलं.

"काठी आठे ठेव."

हिलालनं काठी ठेवली. पितळेचं कडं दगडावर वाजलं. काठी त्याचा चुलतभाऊ उखा याच्या हातात गेली. पाडा राहिला जागच्या जागी. दिवाल्याची माफी मात्र कुणी मागितली नाही, पाटलानं नाही, गावानं नाही. कसली मागतात! आळ घेताना सगळं गाव एका तोंडानं बोलतं आणि तो फिटला की जो तो आपापल्या बैलांना पाणी दाखवायला जातो.

पाडव्याला नऊ दिवस उरले होते. उखा काठी घेऊन पाटावर उभा राहिला, पण कुठे किती भरायचं हे त्याला कळेना. हिलाल पाटात उतरला. आता सगळं मुखाकडून. सोळाव्या खुंटीला अठ्ठावीस बोटं भर, सतराव्याला सव्वीस, पुढे दर खुंटीला दोन दोन बोटं कमी, एकोणतिसाव्याला दोन, तिसाव्याला काही नाही. स्वतःच्या खांद्यावरून त्यानं माती वाहिली, धुमस घेऊन ठोकली. पंधरा घरांतले लोक त्याच्याशी बोलत नव्हते, बायका मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, याच्या एका बोटापायी आपले दहाही झिजले. तो ऐकून घ्यायचा. दिवाल्याची माणसंही भरत होती, पण दिवाल्याही त्याच्याशी बोलला नाही. नऊ दिवस हिलालला एकच भीती होती. भरलेली माती बसली तर? आणखी कुठे चुकलं असेल तर? या वेळी पाणी मागे फिरलं तर पाटील कुणाला धरेल हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यालाच धरायला हवं होतं.

पाडव्याला सकाळी मुखापाशी नारळ फुटला. उखानं काठी उचलली, पाणी अडवणारी फळी काढायला गडी वाकले.

"थांब," हिलाल ओरडला.

त्याला आता तसं म्हणायचा हक्क नव्हता. उखा गोंधळून पाटलाकडे पाहू लागला. हिलाल तोवर पाटाच्या काठानं टेकाडापर्यंत चालत गेला होता, तिथं दिवाल्या आपल्या माणसांत उभा होता. सगळं गाव मागोमाग आलं.

"दिवाल्या, तुन्हं मडकं आन. पाटमा वत. आनि तू सांग, पानी कोठे चालनं."

दिवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. "माले इचारस?"

"हा. तुलेच इचारस."

दिवाल्यानं घाई केली नाही. मडकं आणलं, पाटात उतरला, ठोकलेल्या तळावर उकिडवा बसला आणि हळूहळू पाणी ओतलं. पाणी आधी तिथंच पसरलं. पाटील पुढे वाकला, मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ओल जागच्या जागी थरथरत राहिली, मातीत जिरते की काय असं वाटलं. मग तिची एक कड लांबली, बोटभर, वीतभर, आणि शेपटाच्या दिशेनं सरकू लागली. दिवाल्यानं दुसरं मडकं मागवलं, तेही ओतलं, तेही कुठं जातं ते शेवटपर्यंत पाहिलं, तेव्हा कुठे उठला.

"शेपटकडे," तो म्हणाला. पाटलाकडे पाहून नाही, हिलालकडे पाहून.

सगळे परत मुखाशी आले, फळी निघाली. उखा रीतीप्रमाणे काठी घेऊन पाण्यापुढे चालला आणि सगळं गाव त्याच्यामागे. हिलाल काठावरच्या लिंबाखाली राहिला होता. सवयीनं त्यानं एक पान तोडलं, पाटात टाकलं आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागला. टेकाड आलं, पान अडलं नाही. सोळावी खुंटी गेली, वीस गेली, पंचवीस गेली. शेपटाशी पहिल्या शेताच्या बांधावर दिवाल्या येऊन थांबला होता. पाणी त्याच्या पायाला लागलं तेव्हा हिलालनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे.